प्रश्नांची उतरंड : वाङ्मयीन प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न कसे रचावेत?

'मंजूषा' म्हणजे पेटी. ती उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, हा पेटीचा गुण. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन वाङ्मयीन प्रश्नमंजूषा पाहिल्या म्हणजे मात्र वाटते की ही पेटी सताड उघडीच आहे आणि आत गेल्या वर्षीचेच जिन्नस पुसून ठेवले आहेत. 'कोसला' कोणाची? 'गोविंदाग्रज' हे टोपणनाव कोणाचे? मराठीला पहिले ज्ञानपीठ कोणामुळे मिळाले? नेमाडे, गडकरी, खांडेकर. प्रश्नकर्त्याचे वाक्य अर्ध्यावर असतानाच घंटी वाजते, टाळ्या पडतात आणि पुढला प्रश्न येतो. यात वाङ्मय कोठे आले, असे विचारण्याची सोय नसते, कारण तोवर गुणफलकावर दहा गुण चढलेले असतात.

वाङ्मय मंडळाच्या या स्पर्धेसाठी प्रश्न रचण्याचे काम गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. "त्यात काय रचायचे? पुस्तकातून प्रश्न काढायचे नि लिहायचे," असे मित्र म्हणतात. त्यांच्यासाठी, आणि पुढील वर्षी हे काम ज्यांच्या गळ्यात पडेल त्यांच्यासाठी, हा लेख. गुरुजनांनी तो वाचला तर त्यांना परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचीही आठवण होईल. पण तो माझा विषय नव्हे.

या खेळाचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. महाविद्यालयांच्या चमूंनी घंटी वाजवून उत्तरे देण्याची आजची पद्धत अमेरिकेतली. तेथे १९५३ साली 'कॉलेज बोल' हा कार्यक्रम रेडिओवर सुरू झाला आणि १९५९ साली दूरचित्रवाणीवर आला. इंग्लंडात त्याच धर्तीवर १९६२ साली 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' निघाला. आपल्याकडे १९७२ पासून रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ गाजले आणि १९८५ साली दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' आले. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी पुढे या खेळात एक महत्त्वाची सुधारणा केली. एका ओळीचा प्रश्न टाकून देऊन त्यांनी पाच-सहा वाक्यांचा प्रश्न आणला. पहिल्या वाक्यात अवघड खूण, मग थोडी सोपी आणि शेवटी सर्वांना ठाऊक असलेली. कोणत्याही चमूने प्रश्न चालू असताना केव्हाही घंटी वाजवावी. उत्तर चुकले की त्या चमूला पुन्हा संधी नाही, उरलेला प्रश्न दुसऱ्यांनी ऐकावा. या रचनेला ते पिरॅमिड म्हणतात. आपल्या घरात त्याहून चांगला शब्द आहे : उतरंड. वरचे गाडगे सर्वांत लहान, म्हणजे ती खूण ओळखणारे मोजके. तळाचा डेरा सर्वांत मोठा, त्यात सगळे मावतात.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे एका प्रसंगावरून सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत (महाविद्यालयाचे नाव घेत नाही) माझी एक वर्गमैत्रीण आमच्या चमूत होती. 'बनगरवाडी' तिने तीनदा वाचलेली. आयबू, अंजी, कारभारी, आनंदा रामोशी ही माणसे ती आमच्याशी अशी बोलत असे की जणू तिच्या आजोळचीच. प्रश्नकर्त्याने "'बनगर" एवढाच उच्चार केला आणि समोरच्या चमूतल्या मुलाने घंटी हाणली : "व्यंकटेश माडगूळकर!" दहा गुण. चहाच्या वेळी त्यानेच हसत सांगितले, की पुस्तक त्याने पाहिलेलेही नाही. दोन रकान्यांची यादी पाठ केली आहे, डावीकडे पुस्तके, उजवीकडे लेखक. त्या मुलाचा काही दोष नाही. त्याने खेळ ओळखला होता. दोष प्रश्नाचा, कारण तीन वेळा वाचलेले पुस्तक आणि न पाहिलेले पुस्तक यांत त्या प्रश्नाला फरकच करता येत नव्हता. घंटीवर बोट पडण्याच्या वेगाने वाङ्मयाचा निकाल लागला. त्या दिवसानंतर त्या मैत्रिणीने स्पर्धेत नाव दिले नाही.

आता तेच उत्तर ठेवून उतरंडीचा प्रश्न करून पाहू :

"या कादंबरीत बैलाच्या जागी एका धनगराची बायको जोखडाला स्वतः खांदा देते. एका मुलीची चोळी शिवून आणण्याच्या साध्या कामावरून गावच्या वडीलधाऱ्याच्या मनात निवेदकाविषयी किल्मिष येते. आयबू नावाचा पोरका मुलगा निवेदकाच्या सोबतीला राहतो. गावकरी आपल्या श्रमाने तालीम बांधतात आणि तिच्या समारंभाला संस्थानचे राजेसाहेब येतात. शेवटी दुष्काळाने धनगरांची ही वस्ती उठते आणि तरुण शाळामास्तर एकटा उरतो. दहा गुणांसाठी ओळखा : व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची कादंबरी."

पहिली खूण ज्याने पुस्तक वाचले आणि मनात ठेवले त्याचीच. चोळीची गोष्ट वाचलेल्या बहुतेकांना आठवेल. तालमीची हकीकत चित्रपट पाहिलेल्यालाही सांगता येईल, आणि त्याने का सांगू नये? अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ साली आला, पाहणाऱ्यानेही काही पाहिलेच आहे. शेवटचे वाक्य यादी पाठ करणाऱ्यासाठी. तोही खेळातून बाद होत नाही, फक्त त्याची पाळी शेवटी येते. मला या रचनेत न्याय दिसतो तो इथे. ती कोणाला हाकलत नाही, रांग तेवढी नीट लावते.

आता खुणांविषयी. प्रत्येक खूण एकट्याने उभी राहिली पाहिजे. म्हणजे त्या वाक्यावर कोणी थांबला आणि दुसरेच उत्तर दिले, तर ते उत्तर खरोखरच चूक असले पाहिजे. हे बोलायला सोपे आहे. "या साहित्यकृतीत पुरू आपले तारुण्य पित्याला देतो" असे पहिले वाक्य लिहा. मनात खांडेकरांची १९५९ सालची 'ययाति' आहे. पण ऐकणाऱ्याच्या मनात शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' हे नाटक असेल, गिरीश कार्नाड यांचे कन्नड नाटक असेल, नाहीतर साक्षात महाभारतच असेल, आणि त्यातले एकही उत्तर चूक म्हणता येणार नाही. कथानक खांडेकरांचे नाही, मांडणी खांडेकरांची आहे. तेव्हा खूण मांडणीतून घ्यावी. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतःच्या तोंडाने बोलतात हे सांगितले की नाटक गळते, महाभारत गळते आणि कादंबरी उरते. पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांवरच्या लेखनाला हा नियम फार कसोशीने लावावा लागतो. कर्ण आणि शिवाजी महाराज यांच्यावरच्या कादंबऱ्या ओळखायला लावणाऱ्याने आधी स्वतः दोन-दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

नावांतही अशी गुंतागुंत आहे. बहिणाबाई म्हटले की आपल्याला खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आठवतात, ज्यांच्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली प्रसिद्ध झाल्या. पण तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. "घरकाम करता करता ओव्या रचणारी स्त्री" या खुणेवर तर जनाबाईही पुढे येतील. म्हणून प्रश्नाबरोबरच उत्तराची ओळ पूर्ण लिहून ठेवावी : काय स्वीकारावे, काय स्वीकारू नये आणि कशावर "अधिक सांगा" म्हणावे. "देशपांडे" एवढ्या उत्तराने मराठी साहित्यात काय कळणार? पु. ल. देशपांडे आणि सुनीता देशपांडे, आ. रा. देशपांडे म्हणजे कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे, शिवाय गौरी देशपांडे. हे तर सहज आठवले ते. दोन माडगूळकर सख्खे भाऊ. आद्याक्षरांचा घोटाळा आणखी वेगळा, कारण वि. स., वि. वा., वि. दा. आणि वि. द. हे चौघे माइकवर एकसारखेच ऐकू येतात. प्रश्नात आद्याक्षरे असली तर सूत्रधाराने ती सावकाश, तोडून उच्चारावीत, नाहीतर सरळ पूर्ण नाव लिहावे.

मराठीत प्रश्न लिहिणाऱ्यापुढे एक अडचण अशी आहे, जी इंग्रजीत लिहिणाऱ्याला पडत नाही. आपल्या भाषेत क्रियापद चुगली करते. "हे कवी नोकरीसाठी मुंबईला आले" आणि "या कवयित्री मुंबईला आल्या" यांत पहिल्या पाच शब्दांतच निम्मे उमेदवार बाद होतात. उपाय आपल्या व्याकरणातच आहे. कर्त्याला 'नी' लावून भूतकाळ घेतला की क्रियापद कर्माच्या मागे जाते. "यांनी कादंबरी लिहिली" या वाक्यावरून लेखक पुरुष की स्त्री ते कळत नाही. व्याकरणाच्या तासाला ज्या कर्मणी प्रयोगाला आपण कंटाळतो, तो इथे असा उपयोगी पडतो. चिं. त्र्यं. खानोलकरांवर प्रश्न करताना याची मौज कळली. कविता 'आरती प्रभू' या नावाने, कादंबऱ्या आणि नाटके स्वतःच्या नावाने. आणि १९७६ साली निधन झाल्यावर १९७८ सालचे साहित्य अकादमी पारितोषिक 'नक्षत्रांचे देणे' या संग्रहाला. लिंग उघड न करता तीन वाक्ये नेली तर एखादा हमखास कवयित्रींच्या नावांत शोधत बसतो. उत्तराच्या ओळीत अर्थातच दोन्ही नावे हवीत.

वाङ्मयप्रकाराचेही तसेच. 'हा संग्रह', 'हे नाटक', 'ही कादंबरी' यांत सर्वनाम बोलून जाते. तिथे मात्र लपवाछपवी करू नये असे माझे मत आहे. ओळखायचे काय आहे, लेखक की ग्रंथ की पात्र, हे पहिल्याच वाक्यात कळले पाहिजे. नाहीतर उत्तर येत असूनही काय सांगावे या विचारात माणूस बसतो, आणि ते अज्ञान नव्हे.

आता नावीन्याविषयी. प्रश्न स्वतःचा हवा म्हणजे काय? मराठीत प्रश्नसंग्रहांची पुस्तके ढिगाने आहेत, आणि आता तर ती प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्येही आहेत. ती एकमेकांवरून उतरलेली असतात, आणि उतारा घेताना चूकही उतरते. ठळक उदाहरण देतो. "कुसुमाग्रजांना कोणत्या पुस्तकासाठी ज्ञानपीठ मिळाले?" हा प्रश्न सर्रास आढळतो, आणि उत्तर कुठे 'विशाखा' असते, कुठे 'नटसम्राट'. हा प्रश्नच उभा राहत नाही. ज्ञानपीठ पुरस्कार सुरुवातीला एका विशिष्ट ग्रंथासाठी दिला जाई. खांडेकरांना १९७४ चा पुरस्कार 'ययाति'साठी मिळाला तो असा. १९८२ पासून तो लेखकाच्या एकूण साहित्यसेवेसाठी दिला जाऊ लागला. कुसुमाग्रजांचा पुरस्कार १९८७ चा. 'नटसम्राट'ला मिळाले ते १९७४ चे साहित्य अकादमी पारितोषिक. 'विशाखा' (१९४२) हा थोर संग्रह असला तरी त्याच्या नावावर ज्ञानपीठ चढवायचे कारण नाही. अशा प्रश्नावर ज्याला खरे ठाऊक आहे तो चमू गप्प बसतो आणि हरतो. म्हणून नियम असा ठेवावा : मूळ पुस्तक हाती घेतल्याशिवाय त्यावरची खूण लिहू नये, आणि पुरस्कारांच्या बाबतीत वर्ष, संस्था आणि कृती तिन्ही ताडून पाहावीत. पुरस्कारांवरचे चांगले प्रश्न होतच नाहीत असे नव्हे. मर्ढेकर आणि नेमाडे या दोघांनाही अकादमीचे पारितोषिक मिळाले ते समीक्षेसाठी, १९५६ साली 'सौंदर्य आणि साहित्य'ला आणि १९९० साली 'टीकास्वयंवर'ला. एक युगप्रवर्तक कवी, दुसरा युगप्रवर्तक कादंबरीकार, आणि दोघांचाही मान समीक्षेला! यात विचार करण्याजोगे काही आहे, आणि प्रश्न ऐकताना तो विचार मनात येतो.

'पहिला', 'आद्य', 'जनक' या शब्दांपासून शक्यतो दूर राहावे. पहिले मराठी नाटक कोणते? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत केलेले 'सीतास्वयंवर', असे आपण शाळेपासून म्हणतो. पण तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात त्याआधी दीडएकशे वर्षे मराठी नाटके लिहिली जात होती. ज्याला हे माहीत आहे त्याला आपण चूक ठरवणार का? त्यापेक्षा "१८४३ साली सांगलीत पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने प्रयोग झालेले" असे लिहावे. त्यात वाद नाही आणि माहितीही अधिक आहे.

जन्मस्थळे आणि जन्मतारखा यांबद्दल माझे मत जरा तिखट आहे. जन्मतारीख हा नगरपालिकेच्या दप्तराचा विषय आहे, वाङ्मयाचा नव्हे. केशवसुतांच्या जन्मतारखेबद्दल तर अभ्यासकांतच एकमत नाही. चरित्रातली गोष्ट घ्यायचीच तर लेखनाला भिडणारी घ्यावी. मर्ढेकर फैजपूरला जन्मले, ही बाब त्यांच्या कवितेबद्दल मला फारसे सांगत नाही. ते आकाशवाणीत होते आणि त्यांनी संगीतिका लिहिल्या, किंवा 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले, हे सांगते.

आता सर्वांत अवघड गोष्ट : विचारायचे कोणाबद्दल? गेल्या काही वर्षांच्या आमच्या मंडळाच्या प्रश्नवह्या चाळल्या तर तीच ती पंधरा-वीस नावे फिरताना दिसतात. स्त्रिया म्हणजे बहिणाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक. दलित साहित्य म्हणजे 'बलुतं'. एका वर्गमित्राने मला सरळ विचारले, "आमच्या घरात जी पुस्तके आहेत ती तुमच्या प्रश्नांत का नसतात?" त्याच्या घरात बाबुराव बागूल, अण्णा भाऊ साठे आणि बेबीताई कांबळे होते. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा बागुलांचा कथासंग्रह १९६३ चा, म्हणजे 'कोसला'च्याच वर्षीचा. एकावर प्रश्न ठरलेला आणि दुसऱ्यावर नाही, याला कारण गुणवत्तेचे नाही, सवयीचे आहे. पण नुसती नवी नावे घुसडली तर वीस प्रश्न संपेपर्यंत सभागृहात स्मशानशांतता पसरते, आणि पुढच्या वर्षी "अवघड फार होते" म्हणून पुन्हा जुनी यादी येते. यावर दोन तोडगे मला सापडले.

एक, उत्तर ओळखीचे ठेवावे आणि वरच्या खुणा अनोळखी घ्याव्यात. उत्तर आहे 'शाळा'. पहिली खूण : फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आलेल्या निबंधात आपल्या समाजाचे दुःख मांडले, तिला जेथे लिहिण्याचे बळ मिळाले ते ठिकाण. दुसरी : 'बनगरवाडी'चा निवेदक जी चालवायला गावी येतो ती. शेवटची : मिलिंद बोकील यांच्या कादंबरीचे नाव. शेवटी सर्वांनाच येते. पण मुक्ताचे नाव तीनशे कानांवरून जाते, आणि ज्याला ते आधी ठाऊक होते त्याला त्याचे गुण मिळतात.

दुसरा तोडगा असा की वर्षाला दोन-तीन नावे ठरवून पुढे आणावीत. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ चे. वृत्तपत्रांतून होणाऱ्या स्त्रीनिंदेला दिलेले ते उत्तर. जोतीरावांनी त्याची पाठराखण केली. मग पुस्तक विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. या चार वाक्यांतच उतरंड तयार आहे, फक्त क्रम लावायचा. पहिल्या वर्षी आमच्या स्पर्धेत हे उत्तर एकाच चमूला आले, तेही शेवटच्या वाक्याला. दुसऱ्या वर्षी पाळी बदलून तोच विषय ठेवला, तेव्हा दोन चमूंनी मधल्या वाक्यावर घंटी वाजवली.

पुरवणी प्रश्नांबद्दल थोडेच. मुख्य प्रश्न जिंकणाऱ्या चमूला एका विषयावरचे तीन प्रश्न द्यावेत : एक सर्वांना येणारा, एक निम्म्यांना, एक क्वचित कोणाला. शेक्सपीअर मराठीत कसा आला, हा विषय घ्या. 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या कोणत्या नाटककाराने 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला? देवल. कोणत्या सुधारकाने 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध केले? आगरकर. आणि वा. बा. केळकरांची 'त्राटिका' ही कोणत्या नाटकावरून? 'टेमिंग ऑफ द श्रू'. इंग्रजी विभागाचे विद्यार्थीही इथे उपयोगी पडतात, आणि त्यांना मराठीच्या स्पर्धेत यायला एक निमित्त मिळते.

शेवटी कामाची पद्धत. प्रश्न कानासाठी असतो, डोळ्यांसाठी नव्हे. लांबलचक समास, कंसातली वाक्ये आणि 'ज्याने-त्याने'ची साखळी काढून टाकावी. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचावा. ज्या ठिकाणी आपला श्वास तुटतो तेथे वाक्य तोडावे. मग तो प्रश्न दोघांवर करून पाहावा : एक पुस्तक वाचलेला, एक न वाचलेला. दोघांनी एकाच खुणेवर उत्तर दिले तर उतरंड फसली, क्रम पुन्हा लावावा. वाचलेल्याला शेवटपर्यंत आलेच नाही तर वरच्या खुणा फार कोपऱ्यातल्या आहेत. आमच्या वहीत डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर उत्तराची ओळ, ग्रंथाची आवृत्ती आणि प्रत्येक खुणेचा पृष्ठक्रमांक, अशी नोंद असते. स्पर्धेत कोणी हरकत घेतली की सूत्रधार वाद घालत नाही. टेबलावर ठेवलेले पुस्तक उघडतो आणि ते पान वाचून दाखवतो. येत्या वर्षासाठी पन्नास पाने कोरी आहेत. वही ग्रंथालयात, संदर्भ विभागाच्या टेबलावर मिळेल.